पगाराची स्लिप आधी, राजीनामा नंतर

काउंटरवर, चाकणच्या गोडाऊनमध्ये, सोसायटीच्या गेटवर किंवा गाडीवर डिलिव्हरी करत जे पुण्यात बारा-पंधरा हजारांवर राबतायत आणि ‘आता लाईन बदलायची’ असं मनाशी ठरवून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लाईन बदलू नका असं माझं म्हणणं नाही. बदलाच. फक्त त्या वाटेवर दुकान मांडून कोण बसलंय ते आधी बघा.

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगला होते. पीएफ, ईएसआय कापून हातात साडेतेरा हजार. रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून आमची सुट्टी मंगळवारी. रात्री कॅश टॅली झाली नाही तर शॉर्टेज आपल्या खिशातून. बी.कॉम. झालेलं, वय तिशीकडे चाललेलं, आणि बढती म्हणजे काय तर सुपरवायझर होऊन दीड हजार जास्त. आमच्यातल्या निम्म्याजणींच्या मोबाईलमध्ये कुठल्या ना कुठल्या कोर्सची जाहिरात सेव्ह केलेली असायची. माझ्याकडे होती तिच्यात लिहिलं होतं: कुठलीही पदवी चालेल, सहा महिन्यांत डेटा ॲनालिस्ट (कंपनीच्या आकडेवारीचा अभ्यास करणारा), शंभर टक्के नोकरीची हमी, फी नोकरी लागल्यावर.

संस्था डेक्कनच्या बाजूला. एसी, काचेची केबिन, भिंतीवर नोकरी लागलेल्यांचे फोटो. समोर बसलेली काउन्सेलर माझ्याच वयाची, बोलायला गोड. तिने शिक्षण विचारलं, घरी कोण कोण विचारलं आणि मग म्हणाली, “ताई, पगार बँकेत येतो की रोख?” मी म्हटलं बँकेत. “स्लिप मिळते?” मिळते. त्यावर तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, माझं काहीतरी चांगलंच जमणार आहे. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर एक केटरिंगमधला मुलगा बसला होता. त्याचा पगार हातात मिळायचा. त्याला ‘पुढच्या बॅचला बघू’ म्हणून वाटेला लावलं. मी अभ्यासात त्याच्याहून हुशार होते म्हणून मला घेतलं, असं नाही. माझ्या स्लिपवर कर्ज मंजूर होत होतं, त्याला स्लिपच नव्हती.

त्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. ‘फी नोकरी लागल्यावर’ म्हणजे संस्था थांबते असं आपल्याला वाटतं. संस्था अजिबात थांबत नाही. एक फायनान्स कंपनी आपल्या नावावर कर्ज काढते, त्यातून संस्थेला तिची फी प्रवेशाच्या वेळीच चुकती होते, आणि हप्ते आपल्या मागे लागतात. आपल्याला नोकरी लागो न लागो, संस्थेचा हिशेब पहिल्या आठवड्यातच मिटलेला असतो. मग ती आपल्यासाठी कशाला झटेल?

फॉर्म टॅबवर भरला, आणि टॅब तिच्या हातात. आधार, पॅन, तीन महिन्यांच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, सेल्फी. मग एकामागून एक ओटीपी. “हा नोंदणीचा, हा केवायसीचा, हा असाच.” त्या ‘असाच’मध्ये ई-मँडेट होतं, म्हणजे माझ्या खात्यातून दर महिन्याला पैसे ओढायची परवानगी. मी सरळ विचारलं होतं, हे लोन आहे का? उत्तर आलं, “नाही हो ताई, हे आपले फी पार्टनर आहेत.” फी ७८,०००. कागदावर १२ हप्ते, प्रत्येकी ६,९००. पहिला हप्ता सहा महिन्यांनी. नोकरीचा त्या कागदावर कुठेही उल्लेख नाही. कागद मला मेलवर आला तो चाळीस पानांचा आणि इंग्रजीत.

राजीनाम्याचा विषय त्यांनी काढला तो कर्ज मंजूर झाल्यावर. त्याआधी “नोकरी सांभाळून करता येईल, काळजी नको.” पैसे पोचले तसा सूर बदलला: बॅच दिवसभराची आहे, सिरीयस असाल तर नोकरी सोडा, अर्धवट करणाऱ्यांना हमी लागू नाही. हा क्रम लक्षात ठेवा. आधी राजीनामा दिला असता तर कर्ज मिळालं नसतं, म्हणून तो नंतर. माझी दुकानात पाच वर्षं भरायला थोडेच महिने राहिले होते. कायम कामगाराला पाच वर्षं झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळत नाही, तीही गेली.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही. एक्सेल बरं शिकवलं. एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचे, सर मध्येच सोडून गेले, पुढचं रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर.

नोकरीची वेळ आली तेव्हा खरा तमाशा सुरू झाला. माझा बायोडेटा त्यांनी स्वतःच तयार केला. त्यात मी दोन वर्षं बंगळुरूच्या एका कंपनीत ज्युनिअर ॲनालिस्ट होते! अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं तयार, वर त्याचे वेगळे वीस हजार. “फ्रेशरला कोणी घेत नाही, सगळे असंच करतात.” पुण्यात हे उघड गुपित आहे, हिंजवडी-खराडीच्या एचआरलाही माहीत आहे, आणि म्हणूनच ते पकडलं जातं. ज्यांचा पीएफ कापला गेलाय त्यांनी तर याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असतो आणि त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली ते सगळं दिसतं. बायोडेटात त्या दोन वर्षांत मी बंगळुरूला, आणि पीएफच्या नोंदीत धायरीजवळ बिलिंगला. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले आधी तेच उघडतात. आमच्या बॅचमधल्या एकाला रुजू झाल्यावर काढलं, आणि खोटी कागदपत्रं त्याने दिलेली असल्यामुळे गुन्हा दाखल होण्याची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर. संस्था नामानिराळी.

मी खोटा बायोडेटा नाकारला, तर ‘प्लेसमेंटला सहकार्य केलं नाही’ असा शेरा मारून हमी रद्द. ती अट चाळीस पानांत होती. एक इंटरव्ह्यू मात्र त्यांनी दिला: खराडीत टेलिकॉलिंग, महिना बारा हजार. दुकानापेक्षाही कमी. तोही नाकारल्यावर काउन्सेलरने बाजूला घेऊन विचारलं, “इथेच जॉइन होता का? ॲडमिशनमागे कमिशन आहे.” तेव्हा कळलं, ती स्वतः दोन बॅच आधीची विद्यार्थिनी. तिचाही हप्ता चालू होता. तिच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला.

सातव्या महिन्यात हप्ता सुरू झाला. ओळखीतले सल्ला देतात, खातं रिकामं ठेव, काय करतील? तसं करू नका. मँडेट पैशाअभावी परत गेलं तर बाउन्स चार्ज आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होणं हे आहेच, शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक बाउन्ससारखी, फौजदारी तक्रार होऊ शकते. मी हप्ते भरतेय आणि भांडतेय. वसुलीवाल्यांचे फोन आले तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे त्यांना तोंडावर सांगा. नातेवाइकांना, मित्रांना त्रास देणंही नियमात बसत नाही.

तक्रारीचा रस्ता असा. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाईन, फुकट, माहितीसाठी १४४४८. संस्थेविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. मुदत दोन वर्षांची. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट म्हणूनच सोन्याच्या मोलाचा. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचं ‘हे लोन नाही’ हे तिचं वाक्य आहे, तोंडी उत्तरानंतर मी मुद्दाम लिहून मागितलेलं. आयोगात ते पहिल्या पानावर जोडलंय.

जे अजून सहीच्या टप्प्यावर आहेत त्यांनी टॅब स्वतःच्या हातात घ्यावा. ओटीपीच्या मेसेजमध्ये मजकूर असतो, तो पूर्ण वाचल्याशिवाय आकडे सांगू नयेत. कर्ज असेल तर केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचं एक-दोन पानी पत्रक द्यावंच लागतं. व्याज, हप्ता, आणि ऑनलाईन कर्ज असेल तर ते दंडाशिवाय परत करण्याची मुदत, सगळं त्यात असतं. ‘केएफएस द्या’ एवढंच म्हणून बघा, निम्मी दुकानं तिथेच गप्प होतात. घरी आल्यावर शंका आली तर ती मुदत संपायच्या आत कर्ज लेखी रद्द करा.

आणि शिकायचंच तर पैसे आधी न मागणाऱ्या किंवा निदान उघडपणे मागणाऱ्या जागा पुण्यात आहेत. औंधचं सरकारी आयटीआय आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली काम करत विद्यावेतन मिळतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची फी कमी नाही, पण प्रवेश परीक्षा घेऊन माणूस निवडतात, स्लिप बघून नाही. पदवी अर्धी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी न सोडता पुरी करू देतं.

मी सध्या वारज्यात एका होलसेल दुकानात हिशेब बघते, पंधरा हजारांवर, त्या कोर्समध्ये शिकलेलं एक्सेल वापरून. आयोगात तारीख लागलीय. आमच्या बॅचमधले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी आपापले मेल आणि हप्त्यांच्या नोंदी घेऊन संपर्क करा. सारखीच तक्रार असलेल्यांना कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा लावता येतो, आणि दोन वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजली गेली तर काहीजणांची मुदत या दिवाळीआधी संपतेय.