गाण्यातल्या ईर्ष्येवर कादंबरी: घराणं, नाटक कंपनी की कलगी-तुरा?

सोलापुरात बसून गायकांच्या चुरशीवर कादंबरी लिहायला घेणाऱ्यापुढे तीन दुनिया असतात: ख्यालगायकीचं घराणं, संगीत नाटकाची कंपनी आणि कलगी-तुऱ्याचा, म्हणजे दोन पक्षांच्या शाहिरी सवाल-जवाबांचा फड. निवड करताना बहुतेक जण आपल्याला कुठलं गाणं आवडतं ते बघतात. त्यापेक्षा हार-जीत कोण ठरवतं ते बघावं. घराण्यात गुरू ठरवतो, तेही बहुधा न बोलता. नाटकात तिकिटांची विक्री ठरवते. फडात समोर बसलेले लोक ठरवतात आणि निकाल त्याच रात्री लागतो. प्रकरणं किती लांब, कथा कुणाच्या तोंडून, शेवट कुठं, हे सगळं पुढं त्यावरूनच येतं.

घराणं सगळ्यांत आधी सुचतं आणि सगळ्यांत जास्त हस्तलिखितं तिथंच अडतात. कारण बाहेरून काही घडत नाही. दहा वर्षं रियाज, मग मैफल, मग पुन्हा रियाज. घटना हवी तर ती तालमीतच शोधावी लागते: गुरूनं कुणाला काय शिकवलं आणि कुणाला नाही. अल्लादिया खाँसाहेबांची (1855–1946) गायकी अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोड (दोन राग मिसळून झालेल्या) रागांसाठी ओळखली जाते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी त्यांच्याच शिष्या. अशा परंपरेत एखादा राग मिळणं ही वारसाहक्काइतकी मोठी गोष्ट असते, म्हणजे कथानक तयारच आहे. मात्र खऱ्या व्यक्तींना नावं बदलून वापरू नका. जाणकार वाचक दुसऱ्या पानावर ओळखतो आणि मग कादंबरी सोडून खरं-खोटं तपासत बसतो.

मैफलीचं वर्णन हा दुसरा खड्डा. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन जवळजवळ मिनिटाचं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, मिनिटातून एकदा येते. तिथं ‘तानांचा पाऊस’ लिहून वाचकाला काहीच दिसत नाही. तबलजीनं लय किंचित चढवली आणि गायकाची बढत (रागाचा सावकाश विस्तार) विस्कटली, असं लिहिलं तर वैर दिसतं. तंबोऱ्यात खोडी काढायची असेल तर तीही नीट काढा. मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवतात. ‘मत्सरी गुरुबंधूनं ती गुपचूप पंचमावर चढवली आणि मैफल पडली’ हे पटत नाही, कारण गायकाला ते पहिल्याच छेडीला ऐकू येईल आणि तो खुंटी पिळेल. घोडीवर तारेखाली असलेला, गुंजन आणणारा जवारीचा दोरा केसभर सरकवला, तर तार सुरातच राहते पण आवाज मिटतो, गुंजन जातं. गायकाला काहीतरी खटकत राहतं, पण बोट कशावर ठेवावं हे लगेच कळत नाही. हा दगा जास्त खरा वाटतो.

नाटक कंपनीत मात्र कथानक आपोआप पळतं. कर्ज आहे, मालक आहे, पडदे आणि पेट्या घेऊन गावोगावचा प्रवास आहे, गायकाला फोडून नेणारी दुसरी कंपनी आहे. सोलापूर मुंबई–मद्रास लोहमार्गावरचं, गिरणी कामगारांच्या वस्तीचं गाव, त्यामुळं दौऱ्याचा मुक्काम इथं पडणं ओढूनताणून वाटत नाही. काळ साधारण 1913 ते 1932 धरावा. गंधर्व नाटक मंडळी 1913 ची, आणि पहिला मराठी बोलपट 1932 चा. त्यानंतरच्या काळावर लिहाल तर चुरशीपेक्षा उतरणीचीच कथा होईल.

इथला सगळ्यात मोठा दाखला 8 जुलै 1921 चा. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी गायक-नट ‘मानापमान’ या संगीत नाटकात एकत्र उभे राहिले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तीन महिने पुरे व्हायच्या आत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं 31. लेखकानं यातून घ्यायची ती तारीख नाही, अडचण घ्यावी: दोन प्रतिस्पर्धी एका मंचावर आणताना पट्टी कुणाची? एक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा धरून) गातो आणि दुसरा काळी दोनमध्ये, तर दोघांच्या पदात कुणीतरी एका सुरानं सरकायला हवं. जो सरकेल त्याची तार सप्तकातली जागा तरी चिरकेल किंवा खर्ज तरी बसेल. तालमीतला हा एक वाद अर्धं प्रकरण पेलतो.

या दुनियेत ठेच लागते ती तपशिलाची. 1915 च्या प्रयोगात मायक्रोफोन दाखवू नका. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यानं जायचा आणि ईर्ष्येचं निम्मं कारण तेच होतं. 78 गतीच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची, तर ‘वन्समोअर’ घेत रंगलेलं पद पंधरा मिनिटं चालणार. रंगमंचावर जिंकणारा तबकडीवर हरू शकतो. पदं उद्धृत करायची असतील तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. ‘मानापमान’चे लेखक खाडिलकर 1948 साली गेले, त्यांची पदं आता मोकळी आहेत.

तिसरी दुनिया सोलापूरच्या मातीतली, आणि लेखक तिलाच विसरतात. पेशवाईच्या अखेरच्या काळातला शाहीर राम जोशी इथला: संस्कृतचा व्यासंगी, कीर्तन-पुराणाच्या घरातला, आणि तमाशाच्या फडाला लागलेला. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं जवाब द्यायचा. संवाद, वैर आणि तत्त्वज्ञान एकाच जागी. रात्र चढली की दवानं डफाचं कातडं सैलावतं, ते विस्तवावर शेकावं लागतं. तेवढ्या उसंतीत हरणाऱ्याला जवाब सुचू शकतो, हेही लक्षात ठेवा.

किंमत एकच, पण जबर: सवाल-जवाब स्वतः रचावे लागतात. निदान आठ-दहा जोड्या, जवाब सवालाच्याच चालीत, आणि हरणाऱ्याचे सवालही ताकदीचे. ते पोकळ असले तर जिंकणारा लहान होतो. पद्यावर हात नसेल तर इकडं वळू नये, नाटक कंपनी घ्यावी. पहिल्या कादंबरीला तर तीच बरी. स्वतः काही वर्षं तालीम घेतलेल्यानंच घराण्याला हात घालावा. ऐकीव ज्ञानावर ते पन्नास पानांपुढं जात नाही. तरीही ठरत नसेल तर प्रत्येक दुनियेतला पराभवाचा प्रसंग दीड-दीड हजार शब्दांत लिहून पाहा. ज्यात विशेषणं कमी लागली ती घ्या.

आणि कथा 1930 च्या उन्हाळ्यात नेणार असाल, तर मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ होता. त्या दिवसांत रात्रभराचा फड किंवा प्रयोग उभा करायचा तर परवानगी कुणी दिली, हे आधी पानावर आलं पाहिजे.