व्हीएस कोडचे फॉन्ट आणि थीम: चार वर्षं खेळून झाल्यावरचा रिव्ह्यू

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये थीम, म्हणजे रंगसंगती, बदलायचा नाद मला इतका लागला होता की काम सुरू करायच्या आधी अर्धा तास कंट्रोल के, कंट्रोल टी दाबून यादीत वरखाली करण्यातच जायचा. सोय झकास आहे, बाणाच्या कीने सरकलं की मागचा कोड लगेच त्या रंगात दिसतो, नाही आवडलं तर एस्केप मारा, जुनी थीम परत. पण त्यामुळेच माणूस हावरट होतो. मोनोकाय झाली, ड्रॅक्युला झाली, सोलराइज्ड झाली, दोन दिवसांनी परत काहीतरी खटकतंच.

मला खटकायच्या त्या कमेंट्स, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. बऱ्याच डार्क थीममध्ये कमेंट्स मुद्दाम फिक्या ठेवतात, आणि मला तर दुसऱ्याचा कोड वाचताना आधी त्याच लागतात. वेबसाइटच्या साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट सांगितलाय, इथे तसा कुणी नियम लावत नाही. मग कळलं की अख्खी थीम टाकायची गरजच नाही! सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये एडिटर डॉट टोकन कलर कस्टमायझेशन्स लिहायचं, त्यात कमेंट्सचा रंग द्यायचा, संपलं. रंगाचा कोड टाकला की शेजारी छोटा चौकोन दिसतो, त्यावर माउस नेला की पिकर उघडतो. थीमचं नाव चौकोनी कंसात टाकून त्याच्या आत लिहिलं तर बदल तेवढ्याच थीमला लागतो, हे आधी माहीत नसल्यामुळे माझ्या लाइट थीममध्ये कमेंट्स जवळपास गायब झाल्या होत्या 😅

एक मेख आहे. कधीकधी रंग बदलूनही काहीच होत नाही, कारण कोडचा अर्थ ओळखून रंग देणारा सिमँटिक हायलायटिंग नावाचा दुसरा थर वरून आपले रंग चढवतो. तेव्हा कमांड पॅलेटमधून (नाव टाइप करून कमांड शोधायची पेटी) टोकन इन्स्पेक्टर उघडा, कर्सर ज्या शब्दावर आहे त्याला रंग नेमका कुठून येतोय ते दाखवतो. हे टूल मला दोन वर्षं माहीतच नव्हतं.

आता फॉन्ट. सध्या जेटब्रेन्स मोनो वापरतोय, २०२० मध्ये आलेला, फुकट आहे, आणि शून्य आणि कॅपिटल ओ, एक आणि स्मॉल एल यांत गोंधळ होत नाही, मला तेवढं पुरे. फिरा कोड आणि कॅस्केडिया कोड पण छान, त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. सेटिंग्जमधल्या फॉन्ट फॅमिलीत फॉन्टच्या नावांची यादी द्यायची, नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्हात लिहा, आणि नाव चुकलं तर एडिटर काही बोलत नाही, गुपचूप यादीतला पुढचा फॉन्ट लावतो, मी एकदा आठवडाभर विंडोजच्या नेहमीच्या कन्सोलसलाच "काय सुंदर नवीन फॉन्ट आहे" म्हणत होतो.

लिगेचर्स (चिन्हं जोडून एक दाखवायची फॉन्टची सोय) चालू केले की != (समान नाही) हे एकच चिन्ह होऊन दिसतं. फाइलमध्ये काही बदलत नाही, फक्त दिसण्यापुरतं. मला आवडतं, पण स्क्रीन शेअर करून नवख्या माणसाला शिकवायचं असेल तर बंद करा, तो कीबोर्डवर ते चिन्ह शोधत बसतो.

खरा फरक मात्र लाइन हाइटने, म्हणजे ओळीच्या उंचीच्या सेटिंगने पडला. शून्य म्हणजे ऑटोमॅटिक, ८ पेक्षा लहान आकडा दिला तर फॉन्टच्या साइझच्या तितके पट, ८ किंवा जास्त दिला तर थेट पिक्सेल. मी १.६ ठेवलंय. स्क्रीनवर ओळी कमी मावतात पण संध्याकाळी डोळे चुरचुरायचे ते कमी झालं, आणि मराठीत कमेंट लिहिली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत नाहीत. मराठी लिहिणाऱ्यांनी फॉन्ट फॅमिलीत दुसऱ्या नंबरला नोटो सॅन्स देवनागरी टाकून ठेवा, नाहीतर सिस्टिम तिच्या मर्जीने कुठलाही लावते. अक्षरं एकाखाली एक जुळणार नाहीत, कारण आपली लिपी समान रुंदीची नाही, तेवढं सोडून द्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण एडिटरचा फॉन्ट साइझ वाढवला तरी बाजूची फाइल्सची यादी तशीच बारीक राहते, आणि झूम केलं तर सगळंच फुगतं.