वीस महिने, दोन कंपन्यांच्या दोन बारा टायरी: ॲव्हरेज एकीकडे, वर्कशॉप दुसरीकडे

२०२४ च्या पाडव्याला मालाच्या दोन गाड्या, म्हणजे ट्रक, घेतल्या. दोन्ही बारा टायरी, दोन्ही ३५ टन पासिंग (गाडी आणि माल धरून परवानगीचं वजन), पण कंपन्या वेगळ्या. घरात त्यांना निळी आणि पांढरी म्हणतात, इथंही तेच म्हणतो. कंपन्यांची आणि डीलरांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एक तर त्यातल्या एकाकडे माझं वॉरंटीचं बिल अजून अडकलंय. दुसरं म्हणजे माझ्या रस्त्यावर ज्या कंपनीचा डीलर वाईट निघाला, तिचाच तुमच्या रस्त्यावरचा डीलर सोन्यासारखा असू शकतो. नाव वाचून लोक गाडीवर फुली मारतात आणि खरा मुद्दा राहून जातो.

धंदा असा: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतल्या फाउंड्रींचं कास्टिंग उचलायचं आणि होसूर-बेंगळुरूकडे पोचवायचं. जाताना चोवीस टनाच्या आसपास माल, येताना मिळेल ते भाडं. गंमत म्हणजे हौद्यात बऱ्याचदा ट्रकच्याच इंजिनाचे आणि एक्सलचे भाग असतात. एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचा माल घालून नेताना मामा, म्हणजे आमचे जुने ड्रायव्हर, म्हणतात, "सवतीचं पोर कडेवर घेतल्यागत वाटतंय."

कोल्हापूर ते होसूर साधारण साडेसहाशे किलोमीटर. महिन्याला पाच फेऱ्या झाल्या तर महिना चांगला. दोन्ही गाड्या आता सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेल्यात, रस्ता तोच, माल तोच. मामा निळीवर आणि त्यांचा भाचा पांढरीवर, दोघांचा हात सारखाच. त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

आधी गाडीबद्दल, कारण ते लवकर आटपतं.

निळी गाडी म्हणून उजवी आहे. केबिन शांत, सीट चांगली, तवंदी घाटात भरलेली असूनही दम लागत नाही. ॲव्हरेज लिटरला ४.२ किलोमीटर. पांढरीचं ३.९, त्याच्या वर मी कधी बघितलं नाही. हा फरक महिन्याला साधारण १२० लिटर डिझेलचा, म्हणजे दहा-अकरा हजार रुपयांचा. पांढरीचा गिअर कडक आहे, उन्हाळ्यात केबिनची भट्टी होते, आणि पाटे इतके ताठ की रिकामी येताना ड्रायव्हरचं कंबरडं मोडतं. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. आमच्या दोन्ही त्याआधीच्या. भाचा रोज आठवण करून देतो.) शोरूमच्या अंगणात दोन्ही उभ्या करून विचारलं असतं, तर शंभरातल्या नव्वद मालकांनी निळीच घेतली असती. मीही पहिली तिचीच पावती फाडली.

वडिलांना हे पटत नव्हतं. त्यांच्याकडे आधी टाटाची १२१० होती, मग १६१३. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण ते अजून टेल्कोच म्हणतात. त्यांच्या काळी डीलर म्हणजे गाडी घेताना पेढे देणारा माणूस. नंतर त्याचं तोंड बघायची फारशी वेळ यायची नाही. गाडी बंद पडली की हायवेवरचा कुठलाही मिस्त्री पाना घेऊन खाली शिरायचा आणि पार्ट तालुक्याच्या गावात मिळायचा. त्यामुळे 'सर्व्हिस कशी आहे' हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. ते बघायचे चेसिस, आणि विकताना काय येईल ते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचा नवा कडक नियम, आलं आणि हे सगळं बदललं. धूर साफ करायला सायलेन्सरच्या रांगेत एक छोटी केमिकल फॅक्टरीच बसली. तिच्यात युरियाचं पाणी फवारलं जातं, पुढे-मागे नॉक्स सेन्सर बसून धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचं मोजमाप करतात, आणि मोजमाप बिघडलं की कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग इंजिनाची ताकद काढून घेतो. गाडी धडधाकट असते, पण ओढत नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत ही देखरेख आणखी कडक झाली. इथं हायवेवरच्या मिस्त्रीचा पाना चालत नाही. कंपनीचा लॅपटॉप लागतो, आणि तो असतो डीलरकडे.

आमच्या निळीचं हेच झालं. पाचव्या महिन्यात, रात्री साडेअकराला, कर्नाटकात हिरियूरच्या पुढं. मामांचा फोन: "मालक, गाडी वडतच न्हाई बघा. दिवा लागलाय, अन् बैलगाडीगत चाललीया."

हेल्पलाइनला फोन केला. पोरगी गोड बोलली, तक्रारीचा नंबर आला, 'चार तासांत माणूस पोचेल' असा मेसेजही आला. माणूस पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. लॅपटॉप लावला, सेन्सर गेलाय म्हणाला. सेन्सर त्यांच्याकडे नाही. गोदामातून येणार, पण उद्या सुट्टी. गाडी तुम्ही इथून घेतलेली नाही, तेव्हा वॉरंटीची मंजुरी तुमच्या डीलरकडून मेलवर आणा. आमच्या डीलरचा सेल्समन, ज्यानं गाडी विकताना दिवसाला तीनदा फोन केला होता, तो म्हणाला, "दादा, सर्व्हिस माझ्याकडं येत नाही." सर्व्हिसवाल्याचा फोन बंद.

इकडे फाउंड्रीच्या डिस्पॅचमधून दर तासाला फोन. पुढच्या कारखान्याची लाइन त्या मालासाठी थांबणार होती. वर ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबतच्या मुदतीच्या सरकारी कागदाचं, टेन्शन. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं आमच्या रस्त्याला चार दिवस मिळतात, आणि त्यातले दोन तिथंच गेले. शेवटी तुमकुरूहून भाड्याची गाडी बोलावली, हायड्रा (क्रेन) लावून माल इकडचा तिकडं केला, ई-वे बिलात गाडीचा नंबर बदलला आणि माल पुढं काढला. निळी साडेतीन दिवस तिथंच. भाड्याची गाडी, हायड्रा, मामांचा भत्ता, हुकलेली फेरी आणि हप्त्याचा वाटा धरून खड्डा पडला ५८ हजारांचा. सेन्सर वॉरंटीत की बाहेर, हा वाद अजून चालू आहे. अडकलेलं बिल ते हेच.

इथं माझीही चूक सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. डीलरनं युरियाची बिलं मागितली आणि माझ्याकडे नव्हती. मामांनी दोन-तीनदा ढाब्यावरून सुटा कॅन घेतला होता, साठ-सत्तर रुपये वाचतात म्हणून. चांगलं युरियाचं पाणी म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. सुट्या कॅनमध्ये काय असतं ते देव जाणे. काही ठिकाणी शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून विकतात. त्या युरियाला २०१५ पासून कडुलिंबाचं कोटिंग असतं, आणि ते तेल नि बोअरचे क्षार या नाजूक यंत्रणेला विषच. आता नियम केलाय: युरिया फक्त पंपावरून, बिल व्हॉट्सॲपवर, आणि केबिनमध्ये युरियाचं प्रमाण मोजायची छोटी दुर्बीण. त्यानंतर तो दिवा परत लागलेला नाही. पण सेन्सर माझ्या युरियामुळे गेला असं गृहीत धरलं, तरी मंजुरीचा मेल यायला दोन दिवस का लागावेत, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

आता पांढरी. ती काही देवाघरची गाडी नव्हे. सातव्या महिन्यात धारवाडजवळ क्लच गेला, तोही रविवारी. भाच्यानं मला फोन करायच्या आधी त्यांच्या वर्कशॉप मॅनेजरला केला, कारण गाडीची किल्ली देताना त्या माणसानं स्वतःचा नंबर ड्रायव्हरच्या फोनमध्ये भरून दिला होता. मालकाच्या नाही, ड्रायव्हरच्या. ही गोष्ट तेव्हा मला फालतू वाटली होती. दोन तासांत हुबळीहून त्यांची व्हॅन आली. तिकडं तो पार्ट नव्हता, तर आमच्याकडून निघणाऱ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत घालून पाठवला. मॅनेजरनं मला मेसेज केला, "माल उतरवू नका, सकाळी सातला गाडी निघेल." निघाली साडेआठला. दीड तास उशीर झाला म्हणून त्यानं पुन्हा फोन केला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, डीलरकडून उशिराबद्दल आपणहून फोन आलेला पहिल्यांदाच बघितला.

म्हणजे पांढरीचा डीलर चांगला, गोष्ट संपली? नाही. दहाव्या महिन्यात तो मॅनेजर दुसरीकडे गेला. वर्कशॉप तेच, पाटी तीच, पण हबच्या एका ऑइल सीलसाठी गाडी दोन दिवस उभी. नवा माणूस फोन घ्यायचा, "बघतो" म्हणायचा आणि बघायचा नाही. डीलरच्या मालकाला जाऊन भेटलो, चहा झाला, आवाज चढला. नंतर थोडं सुधारलं. पहिल्यासारखं नाही, पण रात्रीची शिफ्ट परत चालू झाली. तेव्हा कळलं की आपण ज्याला कंपनीची सर्व्हिस म्हणतो, ती बऱ्याचदा एका माणसाची झोपमोड असते.

वीस महिन्यांचा हिशोब वहीत आहे. निळी बिघाडापायी उभी राहिली १९ दिवस, पांढरी ६. एक दिवस उभी म्हणजे सहा-सात हजारांचं नुकसान. निळीनं डिझेलमध्ये वाचवले दोन लाखांच्या वर. हे मांडलं तर कागदावर अजूनही निळीच पुढं आहे, आणि वडिलांना वही दाखवली तेव्हा त्यांनी हेच बोट ठेवून दाखवलं.

वहीत न आलेली गोष्ट अशी की हिरियूरच्या प्रकारानंतर डिस्पॅचवाले साहेब अर्जंट माल निळीत भरत नाहीत. स्पष्ट म्हणतात, "पांढरी कधी येतीया? तिच्यासाठी थांबतो." टनाला जादा दर मिळतो तो अर्जंट मालालाच. निळीच्या वाट्याला उरलेसुरले नग आणि उतरवायला दोन दिवस ताटकळवणारी गिऱ्हाइकं. म्हणजे चांगली गाडी वाईट भाडं कमावते आणि मध्यम गाडी चांगलं. मामा सुद्धा दोनदा म्हणाले, "भाच्याला एसी पायजे, मला रात्रीची झोप पायजे, आमची गाडी बदलून द्या."

तिसऱ्या गाडीचा विचार गेल्या उन्हाळ्यापासून होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तोवर थांबलो हे नशीब. आमच्यासारख्यांच्या भाड्यावरचा कर फाउंड्रीच भरते, त्यामुळे गाडीवर भरलेला जीएसटी आम्हाला परत मिळत नाही. कमी झाला तो सगळा खिशात राहिला. पहिल्या दोन गाड्यांना २८ टक्के भरलेत, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

या वेळी शोरूमला शेवटी गेलो. आधी वर्कशॉपं फिरलो, तीही शनिवारी रात्री नऊनंतर. कोल्हापूरचं एक, हुबळीची दोन आणि तुमकुरूजवळचं एक, कारण माझी गाडी बंद पडणार ती घराजवळ नाही, तिकडंच. आवारात उभ्या गाड्यांच्या पुढच्या काचा बघायच्या. पातळ धूळ असेल तर गाडी कालची, बोटानं नाव लिहिता येईल इतकी असेल तर ती गाडी पार्टची वाट बघत पंधरवडा तरी उभी आहे. एका ठिकाणी अशा सात मोजल्या. मग गाडीखाली चटई टाकून पडलेल्या ड्रायव्हरांशी बोलायचं. मालक खोटं बोलतात, कारण आपण फसलो हे सांगायला लाज वाटते. ड्रायव्हरला ती अडचण नसते.

पार्ट काउंटरवर जाऊन सहज विचारायचं: क्लच प्लेट, अल्टरनेटर, वॉटर पंप, नॉक्स सेन्सर, युरियाचा पंप, चाकाचं बेअरिंग, यातलं आत्ता काय आहे? कॉम्प्युटरवर नाही, फळीवर. एका काउंटरवरच्या पोरानं उठून सहातले पाच पुढ्यात आणून ठेवले. दुसरीकडं उत्तर आलं, "नंबर सांगा, ऑर्डर टाकू." ॲव्हरेज आणि हॉर्सपॉवरचे कागद मी त्यानंतर वाचले.

एएमसीबद्दल दोन शब्द. किलोमीटरवर पैसे भरून देखभाल कंपनीकडे द्यायची पद्धत निळीसाठी गेल्या वर्षी घेतली. ऑइल, फिल्टर, लायनरची कटकट गेली, हे खरं. पण एएमसीनं पार्ट लवकर येत नाही, फक्त त्याचं बिल येत नाही. विकणारा हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगतो.

तिसरी गाडी पाच पार्ट आणून ठेवणाऱ्या पोराच्या डीलरकडे बुक केली आहे. निळीची नाही, पांढरीची पण नाही. या कंपनीच्या गाडीला जुन्या बाजारात टाटा-लेलँडइतकं पटकन गिऱ्हाईक मिळत नाही, त्यामुळे वडील दोन दिवस बोलले नाहीत. 'बंद पडल्यास चोवीस तासांत दुरुस्ती' असं लेटरहेडवर लिहून द्या म्हटलं, ते त्यांनी दिलं नाही. सहा पार्ट कायम फळीवर ठेवू, एवढं मात्र सही-शिक्क्यानिशी दिलंय. चेसिस आलीय, शिरोलीत हौद्याचं काम चालू आहे. निळीच्या सेन्सरच्या बिलाचं काय होतं ते कळलं की इथंच खाली लिहीन.