घोडेमालकांची संघटना: क्लब, मालक संघ की जातनोंदणी संस्था?

माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या दर्शनाइतकेच घोड्यांच्या बाजारालाही महत्त्व असते. अलीकडे तिथल्या राहुट्यांमध्ये एक विषय वारंवार निघतो आहे, तो म्हणजे नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर भागातल्या घोडेमालकांची स्वतःची संघटना असावी. ती असावी याबद्दल फारसे दुमत नाही. ती कोणत्या धर्तीवर असावी यावर मात्र तीन मते आहेत. काहींना मुंबई-पुण्यासारखा रेस क्लब हवा आहे, काहींना निव्वळ मालकांचा संघ हवा आहे आणि काहींना मारवाडी घोड्याच्या संस्थांसारखी घोड्यांच्या जातीची नोंदणी करणारी संस्था हवी आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांच्या सह्यांवर संस्था उभी राहते, परंतु एकदा लिहिलेली उद्दिष्टे बदलायची म्हटले की कागदपत्रांचे काम वाढत जाते. म्हणून सह्या करण्याआधी हे तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहणे भाग आहे.

क्लबचा पर्याय दिसायला सर्वांत देखणा आहे. मुंबईच्या शर्यती भायखळ्याहून १८८३ मध्ये महालक्ष्मीला आल्या, १९२५ मध्ये तिथल्या वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची मर्यादित कंपनी झाली आणि १९३५ मध्ये तिच्या नावाला ‘रॉयल’ ही उपाधी लागली. परंतु क्लब ही शर्यत भरवणारी आणि शर्यतीवर राज्य करणारी संस्था आहे, ती मालकांची प्रतिनिधी नव्हे. मैदान तिचे, नियम तिचे, प्रशिक्षकाला आणि जॉकीला परवाना देणारी तीच, आणि तक्रार करायची तीही तिच्याकडेच. घोड्याचा मालक असणे आणि क्लबचा सभासद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो मालक सभासद नाही त्याला कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत नसते. शिवाय त्या मैदानावर वंशनोंदवहीत नोंद असलेला थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडाच धावू शकतो. माळेगावच्या बाजारात उभा असलेला मारवाडी, काठियावाडी किंवा दख्खनी घोडा कितीही वेगवान असला तरी त्याला महालक्ष्मीचे दार बंद आहे. पैजेचे म्हणाल, तर राज्यात १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली परवाना असलेल्या मैदानावरच ती चालते. परवान्याशिवाय आणि पैजेच्या उत्पन्नाशिवाय क्लबचा खर्च आपल्या भागातल्या घोडेमालकांनी कुठून उभा करायचा, या प्रश्नाचे उत्तर क्लबवाल्या मंडळींकडून मला अजून मिळालेले नाही.

दुसऱ्या पर्यायाचा सर्वांत जुना आणि अभ्यासण्याजोगा नमुना ब्रिटनमध्ये आहे. तिथे १७५० च्या सुमारास स्थापन झालेला जॉकी क्लब जवळजवळ अडीच शतके शर्यतींचा सर्वेसर्वा होता. त्या सत्तेच्या छायेत, महायुद्ध संपले त्या १९४५ साली, शर्यतीच्या घोडेमालकांनी ‘रेसहॉर्स ओनर्स असोसिएशन’ स्थापन केली. तिने स्वतःचे मैदान घेतले नाही आणि शर्यती भरवल्या नाहीत. तिचे काम एकच, मालकाची बाजू मांडणे. १९६१ मध्ये तिथे रस्त्यावरच्या बेटिंग दुकानांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि बुकींकडून कर गोळा करून तो शर्यतींकडे वळवणारे लेव्ही बोर्ड स्थापन झाले. तेव्हापासून घोड्याच्या खुराकाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च सोसणाऱ्या मालकापर्यंत त्या पैशातला किती वाटा बक्षिसाच्या रूपाने पोहोचतो, हा मालकांच्या दृष्टीने कायमचा कळीचा प्रश्न राहिला आहे.

त्या संघाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष माझ्या मते १९९३ आहे. त्या वर्षी जॉकी क्लबने शर्यतींच्या कारभाराचा मोठा भाग नव्या ‘ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्डा’कडे सोपवला, आणि त्या बोर्डाच्या संस्थापक घटकांत मालकांचा संघ होता. त्याच वर्षी मालकांना मूल्यवर्धित कराची नोंदणी करून खर्चावरचा कर परत मिळवण्याची सोय झाली. हिशेब ठेवणाऱ्या मालकाला या सोयीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. २००७ मध्ये ‘ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी’ आली, तेव्हाही मैदाने, पैदासकार आणि प्रशिक्षक, जॉकी यांसारखे परवानाधारक यांच्या बरोबरीने मालकांची जागा कायम राहिली. १९४५ मध्ये दाराबाहेर उभी असलेली माणसे अठ्ठेचाळीस वर्षांनी टेबलाशी बसली, आणि हे त्यांना स्वतःचा क्लब न काढता साधले. आपल्या देशात कर्नाटकात घोडेमालकांची अशी संघटना आहे, म्हणजे ही रीत केवळ परदेशी नाही.

याच्या जोडीला आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत बैलमालक संघटित राहिले म्हणून त्यांचा आवाज शासनापर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोहोचत राहिला. आपल्याकडच्या शंकरपटांनाही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींनाही, त्याचाच लाभ झाला.

तिसरा पर्याय जातनोंदणीचा. १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडिजिनस हॉर्स सोसायटी ऑफ इंडिया’ आणि मारवाडी घोड्याच्या इतर संस्थांनी वंशावळ, प्रदर्शने आणि जातीची शुद्धता यांवर काम केले आहे. हे काम मोलाचे आहे, पण त्याच्या केंद्रस्थानी घोडा आहे, मालक नाही. आपल्या भागात नोंदणी नसलेली, मिश्र वंशाची घोडी पाळणारे लोक बहुसंख्य आहेत. लग्नाच्या वरातीला घोडी देणारा, टांगा हाकणारा आणि हौसेने रवाल, म्हणजे बसणाऱ्याला धक्का न देणाऱ्या चालीची घोडी सांभाळणारा शेतकरी या तिघांनाही अशा संस्थेत जागा मिळणे कठीण आहे. ज्यांच्याकडे नोंदीचे घोडे आहेत त्यांनी त्या संस्थांचे सभासद जरूर व्हावे. त्यासाठी जिल्ह्यात नवी संस्था काढण्याची गरज नाही.

माझे मत मालक संघाच्या बाजूने पक्के झाले ते एका यात्रेतल्या रात्रीमुळे. आमच्या शेजारच्या राहुटीतली एक नुकरी, म्हणजे पांढरी घोडी संध्याकाळी चंदी (दाण्याचा खुराक) खाईना. ती पुढच्या पायाने माती उकरत होती आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. ही पोटशुळाची खूण. मालक तिला दोरी धरून पहाटेपर्यंत फिरवत राहिला. डॉक्टर कोणाला माहीत नव्हता, ज्याचा नंबर मिळाला त्याने फोन उचलला नाही, आणि उजाडताना घोडी बसली ती उठली नाही. त्याच्या हातात भरलेला तोबरा तसाच होता. त्याने ती घोडी कर्ज काढून घेतलेली होती. त्या रात्री यात्रेत शेकडो घोडेमालक होते आणि त्या माणसाच्या मदतीला येईल अशी व्यवस्था एकही नव्हती.

अशी व्यवस्था आपल्या भागाला नवी नाही. मराठेशाहीत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, हा भेद सर्वांना ठाऊक आहे. पुढे निजामाच्या राज्यात हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथल्या छावण्यांत हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेचे, रिसाले (घोडदळाच्या तुकड्या) शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदारी रिसाल्यांत ‘चंदा फंड’ ठेवण्याची रीत होती. स्वार त्यात नेमाने वर्गणी भरत आणि घोडा मेला तर दुसरा घेण्यास त्यातून मदत होई.

म्हणून निर्णय घेणाऱ्यांनी ब्रिटिश मालक संघाची चौकट घ्यावी आणि तिच्यात शिलेदारांचा हा निधी बसवावा, असे मी आग्रहाने सुचवतो. शर्यती भरवणे हे उद्दिष्ट घटनेत घालू नये. शर्यत भरवणारी संस्था आणि मालकांची संस्था एकच झाली की वाद झाल्यावर मालकाला जायला जागा उरत नाही. मताचा अधिकार घोडा पाळणाऱ्यालाच असावा, एकाकडे दहा घोडे असले तरी मत एकच असावे, आणि दलालांना मताचा हक्क नसलेले सहयोगी सभासदत्व द्यावे. निधीतून मिळणारी रक्कम ही मदत आहे, विमा नव्हे, हेही स्पष्ट लिहावे.

पहिल्या वर्षाचे काम ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचे असावे. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर मारावेच लागते, त्यामुळे एकटा मालक रक्त तपासायला घाबरतो. संघाने पशुसंवर्धन विभागाशी बोलून गावोगावचे रक्तनमुने यात्रेच्या महिनाभर आधी घेण्याची व्यवस्था केली, तर तपासणीचा अहवाल खिशात ठेवून मालक माळेगावला उतरेल, आणि घेणाऱ्याला दात व अंगावरचे भोवरे पाहण्याआधी तो कागद मागता येईल.