जंपरचे चिमटे उलटे लागले: वायरमन बरा की सर्व्हिस सेंटर?

बॅटरी उतरलेली, पार्किंगमध्ये पाऊस, आणि शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल जोडताना घाईत लाल चिमटा वजावर लागला. मोठी ठिणगी उडाली आणि गाडी पूर्ण ठप्प. सेंट्रल लॉक नाही, डॅशबोर्डवर एक दिवा नाही. गेल्या वर्षी माझ्या गाडीचं हे झालं तेव्हा प्रश्न हाच होता: टो करून कंपनीत न्यायची, की नाक्यावरच्या वायरमनला बोलवायचं?

आधी बॅटरी बघा. फुगली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर लांब राहा. तसं नसेल, तर गाडी पूर्ण मेलेली असणं ही उलट बरी खूण आहे. बहुतेक वेळा मेन फ्यूज जळालेला असतो. तो अधिक टर्मिनलपाशी किंवा बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो, अनेक गाड्यांत 80 ते 120 अँपिअरचा. माझ्या गाडीत पारदर्शक झाकणाखालची जाड पट्टी मधोमध वितळून दोन्ही टोकांना काळे मणी झाले होते. वजा वायर सोडवून, त्याच आकड्याचा फ्यूज घाला. तारेचा तुकडा लावून वेळ मारून नेऊ नका, पुढच्या वेळी वायरिंग पेटेल.

गाडी सुरू झाली तरी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. आकडा 12.5 च्या खालीच रेंगाळला, किंवा इंजिन बंद करून बराच वेळ झाला तरी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गरम लागला, तर त्याचे डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारे भाग) गेले असं धरून चाला. इथे मी वायरमनच्या बाजूचा. चांगला वायरमन अल्टरनेटर उघडून नुसती डायोड प्लेट बदलतो. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खा अल्टरनेटर बदलायला सांगतात, आणि बिल कितीतरी वाढतं.

मात्र एअरबॅग, एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवा विझत नसेल, किंवा सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर कंपनीतच जा. स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड दाखवतो. कुठलं मॉड्युल (गाडीतला छोटा कंप्युटर) गप्प आहे हे कंपनीच्या स्कॅनरवर कळतं, आणि नवीन ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) बसवला तर चाव्यांचं कोडिंगही तिथे होतं. पण 'ईसीएम गेला' म्हणाले की लगेच मान डोलावू नका. त्याचा फ्यूज आणि अर्थिंग तपासलं का ते विचारा, खर्च लेखी घ्या. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या माणसाला काहीच उघडू देऊ नका. विम्यावर भिस्त ठेवू नका, साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो.

आणि ज्याने मदतीला गाडी लावली, त्याच्याही बॅटरीवर मीटर लावा. उलट्या जोडणीचा झटका त्याच्या अल्टरनेटरलाही बसतो. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा दुसऱ्या दिवशी लागला. तेही काम मी त्याच वायरमनकडून करून दिलं.