कॅमेऱ्याच्या हाउसिंगच्या आट्यांत लांबी (पुट्टी) भरून माझे 18,350 उकळले

लाजेपायी दोन महिने कुणाला बोललो नाही. आता बोलतोय, कारण दुरुस्ती करणारा तो माणूस आजही कामं घेतोय.

माझं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्यासाठीची जलरोधक पेटी. लेन्सचा पोर्ट, म्हणजे लेन्सपुढचा काचेचा भाग, ज्या आट्यांवर फिरवून बसवतात ते आटे झिजले होते. बारीक आटे, पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) 0.75 मिमी, म्हणजे आट्याची खोली अर्धा मिमीसुद्धा नाही. त्यात मीठ साचलं, एकदा पोर्ट तिरका चढला आणि दोन जागी धातू खरवडून निघाला. शेवटच्या अर्ध्या वेढ्यात पोर्ट घट्ट व्हायच्याऐवजी घसरायचा. ते मॉडेल बंद झालंय, सुटा भाग मिळत नाही. स्वस्तातला जुगाड मी शोधत नव्हतो, हे आधीच सांगतो.

त्याने काय सांगितलं ऐका. वेल्डिंगने धातू भरणार, लेथवर नवे आटे पाडणार, मग हार्ड ॲनोडायझिंग (धातूवर कडक संरक्षक थर आणणं), मग प्रेशर टेस्ट. यात चुकीचं काय होतं? असं काम असंच करतात, नाहीतर भोक मोठं करून आट्यांची नवी रिंग बसवतात. बारक्या स्क्रूंना चालणारं स्प्रिंगसारखं इन्सर्ट इथे चालणार नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. एवढी जाण असलेला माणूस फसवेल असं कुणाच्या मनात येईल? आगाऊ 9,000 दिले. आठवड्याने "ओ-रिंगची खाचही गेलीय" म्हणून (ओ-रिंग म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं) 6,500. शेवटी प्रेशर टेस्ट आणि कुरिअरचे म्हणून 2,850. तिन्ही वेळा पैसे वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर "वस्तूबरोबर पाठवतो". बिलाशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. मी दिला.

पार्सल उघडलं आणि रंगाचा वास आला. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. ॲनोडायझिंगला वास नसतो, हे मला माहीत आहे! तो थर धातूवरच तयार होतो, वर फासलेला नसतो. पुढे बघा. ॲनोडायझिंगसाठी हाउसिंग आम्लाच्या टाकीत बुडवतात, म्हणून आधी बटणं, दांड्या, काच, सगळं उतरवावं लागतं. माझ्या बटणांच्या दांड्यांवर माझंच जुनं ग्रीस होतं. त्यात अडकलेले वाळूचे कणसुद्धा तसेच. मी ते बघितलं. बोटाने पुसलंसुद्धा. आणि तरी मनाशी म्हणालो, बाहेरून कामगाराने लावलं असेल. वेल्ड केलेल्या जागेची छटा ॲनोडायझिंगनंतर सहसा थोडी वेगळी दिसते, इथे सगळीकडे एकसारखा काळा. नख मारून पाहायचं होतं फक्त. नाही पाहिलं.

सोबत छापील रिपोर्ट होता: 6 बार, 30 मिनिटं, 60 मीटर. आकडे बरोबर होते, दर 10 मीटरला साधारण 1 बार वाढतोच. पण त्यावर माझ्या हाउसिंगचा सिरियल नंबर नव्हता. नंबर नसलेला रिपोर्ट म्हणजे रद्दी.

आंधळेपणाने पाण्यात गेलो असं कुणी म्हणू नये. व्हॅक्यूम टेस्ट केली होती, म्हणजे आतली हवा काढून गळती तपासली होती, दिवा हिरवाच राहिला. राहणारच! आतली हवा काढली की बाहेरचा दाब पोर्टला आत दाबून धरतो, आट्यांवर जोर येतच नाही. म्हणून पोर्ट हाताने आडवा हलवून बघा आणि पहिल्या खेपेला हाउसिंग रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून बुडवा.

2 मीटरवर पोर्ट खडकाला घासला आणि तिरका झाला. गजर वाजेपर्यंत आत खारं पाणी. कॅमेरा 94,000, लेन्स 31,500, दोन्ही गेले. पुढे एका टर्नरने आटे सुईने उकरले. ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेली एपॉक्सीची लांबी, वर काळा स्प्रे. वेल्डिंगचा एक थेंब नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कॅमेरा पाण्यात नेलातच कशाला?" हाउसिंग म्हणजे काय हे सांगण्यात चाळीस मिनिटं गेली आणि मग "हे दिवाणी प्रकरण आहे". काम न करता केल्याचं सांगून पैसे घेणं, खोटा रिपोर्ट देणं, ही फसवणूक नाही? मी लांबीचे तुकडे टेबलावर ठेवले, कुणी हातसुद्धा लावला नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. विमावाले म्हणतात अनधिकृत दुरुस्ती, दावा बसत नाही. ग्राहक तक्रारीत बिल जोडा म्हणाले. बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! चॅट जोडलं, खात्यावरचे तिन्ही व्यवहार जोडले, टर्नरचं लेखी मत जोडलं. सतरा दिवसांनी मेसेज आला, "तक्रारीचे निराकरण झाले आहे". कुणाचं निराकरण? पुन्हा तक्रार केली, तोच मेसेज. फोन केला तर पुन्हा नव्याने नोंदवा.

काम द्याल तेव्हा वेल्डिंगनंतरचा, रंगाआधीचा फोटो मागा, उघडा धातू आणि सिरियल नंबर एकाच चौकटीत. माझ्या हाउसिंगचा फोटो त्याच्या जाहिरातीत अजून आहे, खाली लिहिलंय "दुरुस्तीनंतर".