१०९८ हेल्पलाइन : दुकानदार म्हणून माझा अनुभव

१०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

माझं किराणा दुकान आहे. वस्तीतली जेमतेम नऊ वर्षांची एक मुलगी रोज पाच रुपयांचा बिस्किटपुडा न्यायची, धाकट्या भावाला पाण्यात भिजवून भरवायची. बाप दारूत, आई दिवसदिवस गायब. उधारी मागताना पोरगी मान वर करायची नाही, पण हिशोब चोख सांगायची.

शेवटी मी १०९८ ला फोन लावला. फोनवरच्या ताईंनी घाई केली नाही. मुलं काय खातात, रात्री जवळ कोण असतं, मारहाण होते का, सगळं शांतपणे विचारलं. पुढे त्यांची माणसं मुलांच्या घरी आली, प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे गेलं. मुलांना उचलून नेतील, ही वस्तीतली मोठी भीती. इथे दोघांनाही आजीकडेच ठेवलं. भावंडं तुटली नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांच्या सांभाळासाठी दर मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. त्याचाही अर्ज भरून घेतला. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड गोळा करताना म्हातारी दमते, तेव्हा शेजाऱ्यांनी सोबत जावं.

फोन करताना घराजवळची ठळक खूण सांगा, गल्लीबोळात नुसता पत्ता सापडत नाही.